मागचे पाय वर धरणारा पतंग

९ जुलै

भाऊजी,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो, तो लिहिला असं समजा. तब्येत विचारायची असते, ती काही मी विचारणार नाही. सकाळी भिंतीपलीकडे तुम्ही खाकरता ते माझ्या चुलीपर्यंत ऐकू येतं. तब्येत उत्तम आहे.

तुमच्या-माझ्या घरात एक भिंत. तरी हे पत्र टपालाने सांगजू शहराच्या कचेरीत जाईल आणि तिथून परत शेजारच्या घरात येईल. टपालवाला माएंग पत्ता वाचून हसायला लागला. म्हणाला, "काकू, भिंतीवरून टाका की. कशाला तिकीट वाया घालवता?" मी म्हटलं, "तू तुझं काम कर." त्याला काय सांगू? तोंडी बोलायला गेले तर माझा आवाज चढणार, गाव गोळा होणार, आणि मोठ्या दिराच्या अंगावर गेली हा आणखी एक ठपका माझ्या कपाळी यायचा. कागदावर कितीही ओरडलं तरी आवाज होत नाही. म्हणून कागद.

काल तुम्ही गावच्या हॉलमध्ये काय बोललात ते आठवतंय ना? नसेल तर आठवण करून देते. उकाड्यामुळे अख्खं गाव एसीखाली येऊन बसलेलं. छोंगनीवाली आजी कलिंगड कापत होती. तुम्ही पर्सिमनची फळं पिकवणाऱ्यांच्या गटाचे प्रमुख म्हणून उभे राहिलात आणि म्हणालात, "यंदा कोवळी फळं गळतायत ती देठपतंगामुळे. आणि हा पतंग येतो कुठून, तर आमच्या धाकट्याच्या म्हाताऱ्या झाडावरून. हिवाळ्यात साल खरवडायची असते. ज्या घरात पुरुषमाणूस उरला नाही, तिथे साल कोण खरवडणार?"

लाज नाही वाटली? तो पुरुषमाणूस तुमचा सख्खा भाऊ होता. त्याला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. त्याच्या मयताला तुम्ही आलात, दाराशी पाहुण्यासारखे बसलात, गरम रस्सा प्यायलात आणि उठून गेलात. तेव्हा तोंडातून एक शब्द निघाला नाही. काल मात्र बरी वाचा फुटली!

आणि साल मी खरवडली. ऐका. मी, या हातांनी, जानेवारीत, नाकातून पाणी गळत असताना. आकड्याची खरवडणी घेऊन बुंध्यापासून बेचक्यापर्यंत, जिथे शिडी पोचते तिथपर्यंत. खालचा सगळा भुगा गोळा करून जाळला. तुम्ही भिंतीवरून मान वर केली असती तर दिसलं असतं. पण हिवाळाभर तुम्ही हॉलमधल्या खालून तापवलेल्या जमिनीवर पाठ शेकत पडलेले, तुम्हाला कसं दिसणार?

आता तुमच्या त्या प्लास्टिकच्या पेल्याचं. पेल्याच्या तोंडावर पोस्टकार्ड धरून तुम्ही तो पतंग सगळ्यांना दाखवत फिरलात. "हा बघा चोर!" म्हणे. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊजी, तो पिवळाधमक होता. अंगभर काळे ठिपके होते. तो पीचचा पतंग, नाव पीचचं पण तुमच्याच मागच्या अंगणातल्या चेस्टनटच्या झाडावर वाढतो, ट्यूबलाइटवर येऊन आपटतो. जन्मभर पर्सिमन पिकवणाऱ्या माणसाला देठपतंग ओळखू येत नाही? मला हसूही आलं आणि संतापही. पण हसले नाही, कारण त्याच पेल्याच्या जोरावर तुम्ही ठराव करून घेतलात की फळं उतरवून झाली की माझं झाड तोडायचं.

माझ्या माळ्यावर सोललेल्या फळांच्या ज्या माळा सुकतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त त्या एका झाडाच्या असतात. बाकीची माझी झाडं म्हणजे काटक्या. ते गेलं तर मी टांगू काय आणि खाऊ काय? तुम्हाला हे माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच बोललात असं मी म्हणते. सासऱ्यांनी लावलेलं झाड वाटणीत धाकट्याकडे गेलं, हे तुमच्या घशात गेली कित्येक वर्षं अडकलंय. त्यापायी भावाशी अबोला धरलात. आता भाऊ नाही, तर झाडावर राग.

ठराव मागे घ्या. हॉलमध्ये बोललात, हॉलमध्येच मागे घ्या.

बोंगिम


३ ऑगस्ट

भाऊजी,

उत्तर मिळालं. कागदावर नाही, जाऊबाईंच्या तोंडी. भिंतीवरून थंडगार शेवयांचं भांडं माझ्या हातात देत त्या कुजबुजल्या, "अगं, ते म्हणतात की बाईमाणसाने पत्रं लिहीत बसू नये." मी विचारलं, "आणि शेवया पाठवायला कोणी सांगितलं?" तर म्हणाल्या, "त्या मीच केल्या. खा गुपचूप." शेवया खाल्ल्या. छान होत्या. राग तेवढाच आहे.

आता नीट वाचा, कारण मी खरा पतंग पकडलाय. पकडला म्हणजे काय, सापडला. हल्ली त्यांची वर्षातली दुसरी फेरी, नवी पिढी, निघते हे तुम्हालाही माहीत आहे. दिवसा तो उडत नाही, पानाच्या खालच्या बाजूला चिकटून बसतो. मी सकाळपासून पानं उलटी करत फिरत होते. मान अशी आखडली की विचारू नका. शेवटी दिसला. एवढासा, करंगळीच्या नखात मावेल. अंगावर ठिपका नाही, पिवळेपणा नाही. डोकं तेवढं पिवळसर. पंख अरुंद, गडद तपकिरी, उन्हात धरले तर जांभळी झाक मारतात, आणि टोकाजवळ एक फिकट पट्टा. कडेला झालर, जुन्या शालीला असते तशी.

पण हे सगळं विसरलात तरी चालेल. त्याची एकच खूण पुरे. बसला की तो मागचे दोन्ही पाय वर उचलून धरतो. केसाळ, लांब पाय, दोन्ही बाजूंना हवेत. दुसरा कुठला पतंग आपल्या बागेत असा बसत नाही. वाडग्याखाली झाकून मी जाऊबाईंना हाक मारली. त्या भिंतीवर हनुवटी टेकून बघत राहिल्या आणि फिस्सकन हसल्या. "हा तर शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा दिसतोय गं!" मी म्हटलं, "शिक्षा त्याला नाही, मला झालीय."

मग मी म्हटलं, आता हा माझ्याकडे किती आणि इतरांकडे किती ते बघूनच टाकू. त्यासाठी पतंग मोजावे लागत नाहीत. टोप्या बघाव्या लागतात. तुम्हाला शिकवायची वेळ यावी हे माझं दुर्दैव, पण शिकवते. फळ आपणहून गळलं, पाऊस कमी पडून किंवा झाडाला भार पेलेना म्हणून, तर ते देठाच्या टोपीसकट गळतं. वांग्याला असते तशी टोपी, ती फळाबरोबर खाली येते. पण आतून अळीने पोखरलं असेल, तर ती टोपी फांदीवरच राहते आणि फळ तेवढं सुटून पडतं. अळी जाळं विणून टोपी फांदीला बांधून टाकते. तेव्हा खाली किती पडली हे बघायचंच नाही. वर किती रिकाम्या टोप्या राहिल्या ते बघायचं.

मी गावभर फिरले. टोपलीत भाज्या घेऊन, म्हणजे कोणी विचारू नये. छोंगनीवाल्या आजीच्या बागेत टोप्या तुरळक. ओढ्याकाठी तुरळक. माझ्या म्हाताऱ्या झाडावर शोधाव्या लागतात, आणि ज्या आहेत त्या सगळ्या भिंतीकडच्या बाजूला. मग मी भिंतीपलीकडे पाहिलं, भाऊजी.

तुमच्या झाडांवर फळांपेक्षा टोप्या जास्त आहेत.

वाचलंत? परत वाचा. पतंग तुमच्या बागेतून माझ्याकडे येतोय, माझ्याकडून तुमच्याकडे नाही.

हे मी हॉलमध्ये जाऊन सांगू शकत होते. कालच सगळे जमले होते. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण म्हटलं, वयाने मोठे आहेत, चारचौघांत पाणउतारा नको, आधी त्यांना एकट्याला सांगू, ते स्वतःहून जाऊन बोलतील. चुसॉकच्या सणापर्यंत थांबते. घरच्या माणसांना एवढा मान मी अजून देते. तुम्ही मला दिला नाहीत तरी.

बोंगिम


चुसॉकचा दुसरा दिवस

भाऊजी,

काल तुमच्या घरी पूर्वजांच्या पूजेचं सगळं मी तळून-भाजून दिलं. धाकटी सून म्हणून ते माझं काम, ते चुकवलं नाही. कढईसमोर बसून सकाळपासून भजी तळली, माशाचे तुकडे तळले, घामाने भिजले. तुम्ही माजघरात नवी पॅंट घालून बसला होता. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. बरोबर आहे. कोणत्या तोंडाने पाहणार?

कारण मला सगळं कळलंय. माझं पत्र मिळाल्यावर तुम्ही काय केलंत? हॉलमध्ये गेलात? नाही. बांबूची लांब काठी घेतलीत आणि पहाटे पहाटे स्वतःच्या झाडांवरच्या टोप्या पाडायला लागलात! मी दात घासत अंगणात उभी होते. आधी वाटलं, कोणीतरी चोर शिरलाय. मग तुमचा खोकला ऐकला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, एका पायावर भार देऊन, मान वर करून, टकटक टकटक! हात पोचेल तिथवर सगळ्या फांद्या साफ.

तुम्हाला खूण सांगितली कोणी? मी! तुमचा मान राखायला गेले आणि माझ्याच हाताने माझा पुरावा तुमच्या काठीखाली घातला. आता मी कोणाला दाखवू? छोंगनीवाल्या आजीला घेऊन भिंतीपाशी गेले तर ती म्हणाली, "कुठेत टोप्या? मला तर काही दिसत नाहीत." वरच्या आहेत, पण तिची नजर तिथे पोचत नाही. मी त्या दिवशी रात्रीचं जेवले नाही. भूकच मेली.

कढईपाशी मी जाऊबाईंना सरळ विचारलं. "टोप्या पाडताना तुम्ही पाहिलंत की नाही?"

त्या भजी उलटत राहिल्या. "पाहिलं."

"मग बोला ना कोणाजवळ!"

"काय बोलू? माझा नवरा आहे तो." मग भजी निथळून काढत, अगदी हळू, "तुला सगळं माहीत नाही, बोंगिम."

"काय माहीत नाही?"

"तेल जास्त तापलंय. आच कमी कर."

बघा, तुमच्या घरात हे असं चालतं. तोंड उघडायची वेळ आली की तेल तापतं.

आणि पूजा आटोपल्यावर सगळ्या चुलत्या-पुतण्यांसमोर तुम्ही तांदळाच्या दारूचा वाडगा हातात धरून म्हणालात, "दुसऱ्या फेरीतही फळं वेळेआधी लाल होऊन गळली. ठरल्याप्रमाणे नोव्हेंबरात झाड जाईल. गावातला प्यो करवत घेऊन येणार आहे." मी आत भांडी घासत होते. ऐकत होते. एक ताटली हातातून निसटली, ती तुमच्या आईच्या वेळची होती. मुद्दाम नाही टाकली. पण वाईटही वाटलं नाही.

तुम्ही भित्रे आहात. मोठा भाऊ, गटाचे प्रमुख, आणि भित्रे. हे मी स्वच्छ अक्षरात लिहितेय, बघा.

झाडाला हात लावून तर दाखवा.

बोंगिम


१९ नोव्हेंबर

भाऊजी,

परवा जे झालं त्यानंतर तुम्ही दार लावून बसलात. जाऊबाई म्हणतात जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. न बोलणं तुम्हाला नवं नाही. म्हणून मीच सगळं लिहून काढते, म्हणजे उद्या कोणी उलटंसुलटं सांगायला नको.

प्योने करवत आणली, यंत्र सुरू केलं, फटफट आवाजाने कुत्री भुंकायला लागली. हातातली फळं सोलायची सोडून निम्मं गाव माझ्या अंगणात. तुम्ही पुढे, पाठीवर हात बांधून. मी झाडाला पाठ लावून उभी. तुम्ही म्हणालात, "बाजूला व्हा." मी म्हटलं, "होते. पण आधी साल बघा. आता सगळ्या अळ्या हिवाळ्यासाठी सालीखाली शिरल्यात. हे झाड त्यांचं घर असेल तर त्या इथेच असणार, पळून कुठे जातील? चला, खरवडा. घर सापडलं तर करवत मी धरते."

कोणी पुढे येईना. शेवटी प्योनेच यंत्र खाली ठेवलं आणि नखाने साल उचकटायला लागला. मग आजी, मग इतर. बुंधा गुळगुळीत. बेचक्यात, भेगेत, फांदीच्या पोटाशी शोधलं. मिळाल्या, नाही म्हणत नाही. दोन-चार पांढरे कोष, तेही भिंतीच्या बाजूला. एवढे तर कुठल्याही झाडावर मिळतील. प्यो म्हणाला, "काकी, याला घर म्हणत नाहीत." आणि छोंगनीवाली आजी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आलोच आहोत तर पलीकडचंही बघू या."

तुम्ही म्हणालात, "माझ्या बागेत काय बघायचंय? माझ्याकडे दर हिवाळ्यात मजूर येऊन साल खरवडतात."

फाटकातून सगळे आत गेले. तुमच्या पहिल्याच झाडाची साल प्योने बोटाने उचलली आणि ती आपोआप सोलून आली, जाडजूड, वर्षाची. खाली कोषच कोष, एकाला एक लागून. दुसऱ्या झाडावर तेच. तिसऱ्यावर तेच. तुमचा चेहरा मी पाहत होते. मला वाटलं होतं आता खोटं पकडलं गेल्यावर दिसतो तसा दिसेल. तसा नव्हता. तुम्हाला खरंच काही कळत नव्हतं. तुम्ही जाऊबाईंकडे वळून म्हणालात, "यंदा मजुरांनी काम केलं नाही का?"

जाऊबाईंच्या हातात अजून फळं सोलताना घालायचे हातमोजे होते. त्या म्हणाल्या, "मजूर कधीच आले नव्हते."

"म्हणजे?"

"तुमचा गुडघा गेला तेव्हापासून भाऊजी खरवडायचे. जोंगथे भाऊजी, तुमचा धाकटा. तुम्ही हॉलमध्ये गेलात की मागच्या फाटकातून यायचे. मला म्हणाले होते, दादाला सांगू नका, कळलं तर करू द्यायचा नाही. मी मजूर आले असं सांगत राहिले." मग त्यांनी हातमोजे काढले. "यंदा कोणी खरवडली नाही, कारण खरवडणारा मेला."

प्योचं यंत्र अजून जमिनीवर फटफटत होतं. त्याने वाकून ते बंद केलं. तुम्ही तिथल्या फळांच्या क्रेटवर बसलात. म्हणालात, "तो माझ्याशी बोलत नव्हता."

जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही त्याच्याशी बोलत नव्हता."

मग तुम्ही उठून आत गेलात आणि दार लावलंत. लोक हळूहळू पांगले. झाड उभं आहे. आजीने जाता जाता बुंध्यावर थाप मारली, जशी बैलाला मारतात.

आता माझं ऐका. तुम्हाला वाटत असेल, बोंगिम जिंकली, आता गार पडली असेल. अजिबात नाही. माझ्या डोक्यात परवापासून नुसता जाळ आहे. तुमच्यावर राग आहे, पण त्याहून मोठा राग त्या माणसावर आहे. इतके हिवाळे तो माझी मोजकी झाडं खरवडायला पंधरवडा पंधरवडा घालवायचा. मी चिडवायची, "गोगलगाय तुमच्यापेक्षा लवकर आटपेल." तो हसायचा आणि गरम पाण्यात हात बुडवून बसायचा. भेगा पडलेले हात. तुमच्या झाडांनी पाडलेल्या भेगा, आणि मी स्वतःच्या झाडांच्या समजून त्यांना तेल लावलं! मला सांगायला काय झालं होतं? मी काय भिंतीवर चढून ओरडले असते? बरं, ओरडले असते. पण त्याने सांगायला हवं होतं. त्याला जाब विचारायचा आहे आणि तो डोंगरावर मातीखाली आरामात झोपलाय.

तुम्ही हॉलमध्ये विचारलंत, पुरुषमाणूस उरला नाही त्या घरात साल कोण खरवडणार. तो माझ्या घरातून एकदा गेला, भाऊजी. तुमच्या घरातूनही गेला. तुम्हाला ते कळायला अकरा महिने लागले.

तेव्हा दार उघडा आणि जेवा. उपाशी राहून त्याला काही पोचत नाही. जेवलात की हॉलमध्ये जाऊन सगळ्यांसमोर सांगा की पतंग तुमच्याकडून आला आणि साल कोण खरवडत होतं. त्याचं नाव घेऊन सांगा. माझी माफी मागितली नाहीत तरी मी मरणार नाही, त्याचं नाव मात्र घ्यायचं.

थंडी पडली की मी खरवडणी घेऊन येते. तुमची झाडं तशीच सोडली तर पुढच्या वर्षी माझंही पीक जाईल, म्हणून येते, दुसरं काही समजू नका. तुम्ही स्टुलावर बसून खालचा बुंधा करायचा, शिडीवर मी चढेन. आणि मागच्या फाटकातून येणार नाही, पुढच्या दाराने येईन, तुम्ही घरात असताना. तुमच्या भावाने तोंड मिटून केलं. मी पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत त्याला आणि तुम्हाला शिव्या घालत करणार आहे, आणि त्यातली एकही त्याला ऐकू जाणार नाही. सगळ्या तुम्ही ऐकायच्या.

इलाज नाही म्हणून अजूनही तुमची भावजय,
बोंगिम